खिडकीवर खरं गाव

दादा,

आपलं भांडण अर्धवट राहिलं. आता तू उलट बोलू शकत नाहीस, त्याचा फायदा घेऊन मी आज सगळं माझ्या बाजूनं मांडणार आहे. तुला राग येईल. येऊ दे.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तुझ्या वर्कशॉपमधले आले होते, तात्यापाऱ्यातले सगळे शेजारी आले होते. प्रभाकरभाऊ किती शांत, किती समजूतदार, कधी कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. सरकारी दवाखान्याच्या पर्चीच्या, म्हणजे केसपेपरच्या, खिडकीवर, पाठीमागे दारापर्यंत रांग असताना, ज्यानं स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी भांडण काढलं, तो माणूस शांत? तिथं बोलणाऱ्यांपैकी कुणाला ती गोष्ट नीट माहीत नव्हती. मला त्या दिवशी बोलता आलं नाही. भांडणाची गोष्ट सुरू करायला ती जागा नव्हती.

तेव्हा राज्य नवीन झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीवरची पाटी बदलायला लागली. आमच्या दवाखान्यात मात्र पर्च्यांचे जुने गठ्ठे पडून होते. त्यांच्यावर ‘मध्यप्रदेश’ छापलेलं. वरून हुकूम आला की गठ्ठे संपेपर्यंत हेच वापरा. म्हणून मी प्रत्येक पर्चीवरचं मध्यप्रदेश पेनानं खोडायची, वर छत्तीसगढ लिहायची आणि मग पेशंटचं नाव विचारायची. माझी नोकरी कच्ची होती. कोण इकडच्या राज्यात राहणार, कोण तिकडे जाणार, कुणाला काढणार, याच्या रोज नव्या बातम्या यायच्या. मी मान खाली घालून काम करत होते.

अशा दिवसांत तू आलास. खांद्यावर एक पोरगी आणि मागे तिचा बाप.

बापाला मी ओळखत होते. आपल्या मागच्या दोन खोल्यांत तू त्या सिंधी कुटुंबाला भाड्यानं ठेवलं होतंस, त्यातला नारूभाई. सिंधमधल्या घोटकीजवळच्या गावात त्याचं कापडाचं लहानसं दुकान होतं. ते सोडून, तीर्थयात्रेच्या व्हिसावर बायको आणि मुलीला घेऊन तो रायपूरला आला आणि परत गेला नाही. पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे दिवसभर कापडाचे थान उलगडायचा आणि गुंडाळायचा. ठरलेल्या मुदतीला पोलीस कचेरीत जाऊन हजेरी लावायचा आणि तिथून आला की त्या दिवशी जेवायचा नाही, असं वहिनी सांगायची. त्याच्या व्हिसावर फक्त रायपूर लिहिलेलं होतं. शेजारच्या दुर्गपर्यंत जायचं तरी परवानगी काढावी लागे. पाकिस्तान हा शब्द तो घराबाहेर उच्चारत नसे. कुणी विचारलं तर “सिंधी हैं” एवढंच सांगायचा. रायपूरमध्ये सिंधी काय कमी आहेत? ते खपून जायचं.

पोरगी मुस्कान. तीनेक वर्षांची असेल. मेणासारखी पिवळट, पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. तुझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. रडत नव्हती. रडायला सुद्धा अंगात काही लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

मी पर्ची ओढली, राज्याचं नाव खोडलं, मुलीचं नाव लिहिलं. पत्त्याच्या ओळीत तू सांगण्याआधीच लिहून टाकलं, तात्यापारा, रायपूर. आणि तू खिडकीच्या जाळीतून वाकून म्हणालास, “ते पूर्ण नाही झालं. गाव लिही. घोटकी, सिंध, पाकिस्तान.”

तुझा आवाज मुळातच मोठा. रांगेतली डोकी तुझ्याकडे वळली. नारूभाईनं तुझ्या शर्टाची बाही मागून धरली. मी हळूच म्हटलं, दादा, राहतात ना तुझ्या घरी, मग पत्ता तोच. यात खोटं काहीच नाही.

“खोटं नाही, पण अर्धं हाय,” तू म्हणालास. “तू रोज आख्ख्या राज्याचं नाव पेनानं खोडून दुसरं लिहून राहिली, तेव्हा तुह्या हाताले काही होत नाही. अन या पोरीच्या गावाचं नाव लिहाले काहून भेतं?”

मागचा एक जण हसला. मी पर्ची गठ्ठ्यातून फाडली, तुझ्या हातात कोंबली आणि ओरडून पुढच्या माणसाला बोलावलं. पर्चीवर तात्यापाराच होतं. तू माझ्याकडे असं बघून गेलास, जसं मी तुझ्या व्हॉलीबॉल टीमचा सामना मुद्दाम घालवला.

तर पहिला मुद्दा हा, दादा. त्या दिवशी त्या पर्चीवर मुस्कान आत गेली. बच्चा वॉर्डात तिला खाट मिळाली, तपासणी झाली आणि संध्याकाळपर्यंत तिला रक्त चढलं. तुझ्या मनासारखी पर्ची असती, तर तिला इकडून तिकडे पाठवलं असतं, मोठ्या बाबूनं कागद मागितले असते, बापाला बसवून ठेवलं असतं. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसत होते, तू नाही. आत काय चालतं ते मला ठाऊक होतं.

आजाराचं नाव आम्हाला तिथं कळलं. सिंधमध्ये तिला दोनदा रक्त चढवलं होतं, पण अंगात रक्त कमी आहे यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी नारूभाईला बसवून समजावलं की याला थॅलेसीमिया म्हणतात, हिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, हिला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागेल. नारूभाई लगेच बाही वर करून उभा राहिला, माझं घ्या म्हणाला. त्याचं घेता आलं नाही. आईबापांकडूनच हा आजार थोडा थोडा आला होता, दोघांचंही रक्त मुळातच कमी भरलं. पोटच्या पोरीसाठी रक्त देता येत नाही, हे ऐकून तो कॉरिडॉरमधल्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. त्याची बायको काही बोलली नाही, तिनं फक्त त्याची वर केलेली बाही खाली ओढून बटण लावून दिलं.

तेव्हाचा नियम असा की एक पिशवी घ्यायची तर बदल्यात कुणीतरी एक द्यायची. ज्यांचे मामा, काका, आतेभाऊ गावभर आहेत, त्यांनाही माणूस मिळवताना नाकी नऊ यायचे. नारूभाईचे सगळे भाऊ सीमेपलीकडे. नागपूरला या आजाराची चांगली सोय आहे म्हणतात, तर तिथं जायला परवानगी काढावी लागणार, आणि परवानगी मागायला गेलं तर आधीचं सगळंच कुणीतरी उकरून काढेल, ही त्याला भीती. मुलगी आजारी आहे हे कळलं तर व्हिसा वाढवणार नाहीत, असंही त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. खरं की खोटं, त्याला कोण सांगणार? तो दवाखान्यापेक्षा दवाखान्यानंतर काय होईल याला जास्त घाबरायचा.

तू मात्र संध्याकाळी ग्राउंडवर गेलास.

वर्कशॉपच्या व्हॉलीबॉल टीममध्ये तू लिफ्टर. सगळी उंच उंच पोट्टी स्मॅश मारून टाळ्या घ्यायची आणि तू खाली वाकून बॉल वर चढवून द्यायचास. त्या दिवशी खेळ संपल्यावर तू सगळ्यांना नेटपाशी थांबवलंस आणि सांगितलंस की एक मुलगी आहे, पाकिस्तानातून आलेली आहे, तिला रक्त लागतं, एकदा नाही, नेहमीच. मला हे नंतर कळलं आणि मी कपाळावर हात मारला. नुसतं मुलीला रक्त पाहिजे म्हटलं असतं तर सगळे आले असते. तुला आधी देशाचं नाव सांगायची काय घाई होती?

आणि झालं तसंच. खेमू भैया उठून गेला. तुमचा सगळ्यात दणकट स्मॅशर, आरंगकडचा. त्याचा पुतण्या फौजेत, सीमेवर. तो काही वाईट बोलला नाही. माझ्याच्यानं नाही होणार म्हणाला आणि सायकल काढून गेला. तू त्याला थांबवलं नाहीस आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलणंही सोडलं नाहीस. बाकीचे आले. कोणाची पाळी कधी, कोणाला तीन महिने झाले, कोणाला कावीळ होऊन गेली, सगळं तुझ्या डोक्यात. वहिनी म्हणायची, लग्नाचा वाढदिवस नाही राहत याच्या लक्षात, आणि अमक्याचं रक्त कधी पिकणार ते बरोबर माहीत.

आता एक गोष्ट, जी मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. वहिनीलाही नाही. तू सुईला घाबरायचास. पहिल्यांदा तुझी पाळी आली तेव्हा मी खिडकी दुसऱ्याकडे देऊन वर ब्लड बँकेत आले होते. टीममधलं कुणी बरोबर येणार नाही अशी वेळ तू मुद्दाम निवडली होतीस. खाटेवर आडवा झालास, डोळे गच्च मिटलेस आणि माझा हात असा धरलास की बांगडी पिचली. सुई लागायच्या आधीच तुला घाम फुटला होता. सुई निघता निघता तू बेशुद्ध झालास. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललास, आठवतं? “पिशवी भरली का?” भरली होती. त्यानंतर तू दर तीन महिन्यांनी आलास, आणि दर वेळी मला माझी खिडकी सोडून वर यावं लागलं. तुझं वय होऊन डॉक्टरांनी बंद करेपर्यंत तुला त्या सुईची सवय म्हणून झाली नाही. मी तुला कधी बोलले नाही, दादा, पण ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्यापेक्षा मला तू मोठा वाटायचास.

खेमू भैया कधी आला ते तुला ठाऊक आहे, पण तो कसा आला ते मी पाहिलं. मुस्कान तोवर चार वर्षांची झाली होती, गालांवर रंग आला होता. तू तिला ग्राउंडवर घेऊन जायचास. ती रेषेबाहेर बसून बॉल गेला की आणून द्यायची. एक दिवस मी पण तिथं होते. बॉल लांब गेला, ती धावली आणि मध्येच दम लागून खाली बसली. रक्ताची वेळ जवळ आली की असं व्हायचं. खेमू भैया तिच्या सगळ्यात जवळ होता. त्यानं आधी बॉल उचलला, मग तिला उचललं, तुझ्याकडे आणून दिलं आणि विचारलं, “कब जाना हे?” तू म्हणालास, उद्या. “हव,” म्हणजे हो, एवढंच म्हणाला तो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखा माझ्या खिडकीवर हजर. त्याच्या पुतण्याचं काय, हे कुणी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. पर्चीवर तात्यापारा, आत मुस्कान, ग्राउंडवरून रक्त. सगळं सुरळीत होतं, आणि तुला तेच सहन होत नव्हतं. जेवायला बसलं की तुझं सुरू. नारूभाईच्या ओळखीची आणखी घरं आली आहेत, एका बाईला दिवस गेले आहेत आणि ती दवाखान्यात जायला तयार नाही, एका म्हाताऱ्याला साखर आहे आणि तो मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या खातो. त्यांची कुणाची बहीण खिडकीवर नाही, त्यांचं काय? मी म्हणायची, त्यांनाही आण, मी लिहीन तात्यापारा. तू म्हणायचास, “आख्खं घोटकी मावंल का आपल्या दोन खोल्यांत?”

मग तो मे महिना आला. शहर भट्टीसारखं तापलेलं, कॉलेजं बंद, लोक लग्नांना गावी गेलेले, ब्लड बँकेचा फ्रिज रिकामा. त्याच सुमारास आमच्याकडे नवीन डॉक्टर बाई ब्लड बँकेच्या प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी ठरवलं की थॅलेसीमियाच्या मुलांची वेगळी नोंद करायची, म्हणजे त्यांना बदली रक्त न आणताही मिळेल. इतकी चांगली गोष्ट. फक्त नोंदीला बापाचं ओळखपत्र पाहिजे. आणि नारूभाईकडे एकच होतं, पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट.

आपण त्याच्या खोलीत बसून भांडलो, आठवतं ना? मी त्याला म्हणत होते, दादाला पालक म्हणून लाव, दादाचं राशनकार्ड दे, कोण विचारतं? तू म्हणत होतास, नाही, पासपोर्ट दाखव. तिचं नाव यादीत जाईल ते तिच्या बापाच्या नावानं जाईल. मी म्हटलं, तुझं काय जातं, उद्या यांना बाहेर काढलं तर? तू म्हटलंस, उद्या खोटं सापडलं तर आजच्यापेक्षा वाईट काढतील. आपण दोघं त्याच्या पोरीबद्दल बोलत होतो आणि तो आणि त्याची बायको आपल्याला आळीपाळीनं पाण्याचे ग्लास देत होते. मग तो उठला. पेटीतून तो हिरवा पासपोर्ट काढला, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला, आतल्या नाही, वरच्या, जिथून तो दिसत होता.

“बेटी मेरी है, दीदी,” तो मला म्हणाला. “कल मैं दिखाऊँगा.”

ते मला अजून आवडतं आठवायला. इतकी वर्षं हळू आवाजात बोलणाऱ्या त्या माणसानं आपल्या दोघांनाही हरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं मुस्कानला घेऊन वर गेलात. डॉक्टर बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या की परदेशी नागरिकासाठी त्यांच्याकडे काही नियम नाही, वरून परवानगी येईपर्यंत त्या नोंद करू शकत नाहीत, आणि आता हे समोर आलं म्हणजे पिशवीही देऊ शकत नाहीत. मग जुन्या पर्च्या मागवल्या. त्या कुणी बनवल्या विचारलं. आणि मला खिडकीवरून वर बोलावणं आलं.

मी जिना चढले. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी आत गेले. मुस्कान नारूभाईच्या खांद्यावर होती, पुन्हा तशीच पिवळट. तू टेबलासमोर उभा. बाईंनी पर्ची पुढे केली आणि विचारलं, हा पत्ता खरा आहे? मी म्हटलं, हो, हे माझ्या भावाचं घर आहे आणि ही मुलगी तिथंच राहते. तुम्हाला माहीत होतं ही कुठून आली? मी म्हटलं, हो. मला या भावानंच सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तिला त्या दिवशी रक्त मिळालं नसतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग नव्हता, हे मी आज नोंदवून ठेवते.

बाईंनी तुला विचारलं, तुम्ही या मुलीचे कोण? तू म्हणालास, घरमालक. बाईंना क्षणभर कळलंच नाही. भाडेकरूसाठी घरमालक दवाखान्यात येऊन उभा राहतो, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग तू तुझ्या त्या मोडक्यातोडक्या साहेबी हिंदीत बोललास. आवाज चढवला नाहीस, लोक म्हणतात तसा शांतच होतास. म्हणालास, मॅडम, तुम्ही नाही म्हणता, ते मी मानतो. फक्त तसं लिहून द्या. ही मुलगी पाकिस्तानची आहे म्हणून हिला रक्त देता येत नाही, एवढं एका कागदावर लिहा आणि खाली सही करा. आम्ही कुणाला दाखवणार नाही. मोठी झाली की हिला वाचायला देऊ.

पंखा फिरत होता. बाईंनी कागद ओढला. पेन उघडलं. मुस्काननं मान उचलली आणि पाणी मागितलं. बाईंनी स्वतःच्या टेबलावरचा ग्लास पुढे केला आणि ती पीत असताना तिच्याकडे बघत राहिल्या. मग लिहिलं. लिहून झाल्यावर कागद आमच्याकडे वळवला. तीन ओळी होत्या. या मुलीची नोंद करावी. तिला आणि असा आजार असलेल्या प्रत्येक मुलाला रक्त द्यावे. देश विचारू नये. खाली सही, शिक्का.

“वरच्यांशी मी बोलेन,” त्या म्हणाल्या. “आधी पिशवी चढवा.”

आणि मला जाता जाता म्हणाल्या, यापुढे पूर्ण लिहीत जा.

आपलं भांडण त्या जिन्यावर सुरू झालं, दादा, आणि ते अजून चालू आहे. तू म्हणालास, पाहिलं? हे दोन साल आधीच झालं असतं, तू लिहिलं असतं तर. मी म्हटलं, दोन साल आधी या बाई इथं नव्हत्या, त्यांच्या जागी जो माणूस होता त्यानं तुला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि आज कागद मिळाला तो घ्यायला मुस्कान जिवंत आहे ती माझ्या अर्ध्या पर्चीमुळे. तू म्हणायचास, अर्ध्या पर्चीनं एक पोरगी वाचते. मी म्हणायची, ती एक तर वाचते ना. दिवाळीत, वहिनीच्या आजारपणात, माझ्या रिटायरमेंटच्या जेवणात, कुठूनही कुठंही गेलं तरी आपण तिथंच येऊन पोचायचो. घरातली पोरं उठून जायची.

पण एक मान्य करते, तू गेलास म्हणून. त्या कागदानंतर लोक यायला लागले. ती दिवस गेलेली बाई आली, तिला आठवा लागला होता. साखरवाला म्हातारा आला. बीरगांवकडे कारखान्यात लागलेला एक जण हाताला पट्टी गुंडाळून आला, जखम आत सडायला लागली होती आणि इतके दिवस त्यानं ती कुणाला दाखवली नव्हती. सगळे तू पाठवलेले, आणि सगळ्यांना तू एकच शिकवून पाठवायचास. माझ्या खिडकीवर येऊन, घसा साफ करून, मोठ्यानं आपलं गाव सांगायचं. त्या बाईनं पदराचं टोक मुठीत धरून सांगितलं. मी लिहिलं. मीरपूर, सिंध, पाकिस्तान. रांगेतल्या कुणी काही म्हटलं नाही. मागची एक बाई फक्त म्हणाली, जरा लवकर करा, हिला उभं राहवत नाही. बाळ झालं, मुलगा, साडेतीन किलोचा. त्याच्या बापानं पेढे आणले ते तू माझ्या खिडकीवर सगळ्यांसमोर खाल्लेस आणि एकही शब्द बोलला नाहीस. ते तुझं सगळ्यात मोठं बोलणं होतं.

मुस्कान वाढली. रक्ताबरोबर अंगात साठणारं लोह काढायच्या सुया गेल्या, त्यांच्या जागी गोळ्या आल्या; रक्त चालूच राहिलं. शाळेत गेली, कॉलेजात गेली, पंडरीत एका मोठ्या दुकानात हिशोबाचं काम बघायला लागली. नागरिकत्व मिळालं त्या दिवशी नारूभाई कलेक्टर कचेरीतून सरळ तुझ्याकडे आला. तुम्ही दोघं अंगणात बसून राहिलात, चहा गार झाला. आणि मुस्कान मराठी बोलते, दादा, तुझी मराठी, ‘मले’ आणि ‘तुले’ची. माझा स्वतःचा मुलगा मी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतो, आणि ही घोटकीची पोरगी माझ्या घरात येऊन “आत्या, काय करून राहिली?” म्हणून विचारते.

लग्नाची बोलणी आली तेव्हा तिनं काय केलं ते तू पाहिलंस. मुलीकडचा मोठा माणूस म्हणून तूच बसला होतास. चहा पुढे करायच्या आधी तिनं मुलाला विचारलं, रक्ताची तपासणी केली आहे का? आपला आजार झाकायचा नाही आणि पुढच्या पिढीत जाऊ द्यायचा नाही, हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलाची आई चपापली. मुलगा मात्र दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन आला. तू तो रिपोर्ट चष्मा लावून, उलटासुलटा करून वाचलास. तुला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

तू गेलास त्या सकाळी मुस्कान वॉर्डात होती, पिशवी लागलेली. वहिनीचा फोन मला आला, माझा मुस्कानला गेला. मला वाटलं ती सुई काढून धावत येईल. ती आली दुपारी. हाताला कापूस चिकटवलेला. तुझ्या पायांशी बसली, मग माझ्याकडे वळली. “आत्या, पूर्ण चढवूनच आली मी,” म्हणाली. “अर्धं सोडून आली असती त काका रागावले असते.”

तेव्हा मी रडले. त्याआधी नाही.

लग्न पुढे ढकलू या, असं नारूभाई म्हणाला. महिनाही झाला नव्हता. मुस्काननं ऐकलं नाही. वहिनीनंही ऐकलं नाही. म्हणाली, त्याला कळलं की त्याच्यामुळे पोरीचं लग्न अडलं, तर तो तिथंही भांडण काढेल. मागच्या आठवड्यात झालं. धर्मशाळेच्या अंगणात, दुपारी, ऊन सौम्य होतं. तुझी सगळी टीम आली, आता सगळ्यांचे केस पांढरे. खेमू भैयाचे गुडघे गेले आहेत तरी तो ढोलवाल्याच्या अगदी पुढे. त्याचा पुतण्या पण आला होता, फौजेतून रिटायर होऊन.

वरात आली आणि मुस्कान नाचायला उतरली. मी सवयीनं तिच्यासाठी एक खुर्ची आणून अंगणाच्या कडेला ठेवली. लहानपणापासून तेच करत आले, दोन मिनिटांत तिला बसावं लागायचं. पहिलं गाणं संपलं. ती बसली नाही. दुसरं सुरू झालं, तिनं लाल ओढणी कमरेला खोचली. खेमू भैया दमून बाजूला झाला, नवरदेव दमून बाजूला झाला, नारूभाईला तिनं हात धरून ओढत मध्ये आणलं आणि तो मोठ्यानं, तोंड उघडं टाकून हसत होता. ढोलवाल्यानं घाम पुसायला हात थांबवला, तर तिनं त्याला खुणेनं परत सुरू करायला लावलं.

खुर्ची रिकामीच होती, दादा. शेवटी मीच तिच्यावर बसले आणि बघत राहिले.